एक भर, एक सोड

कॉटनवुड फ्लॅट, माँटाना
६ सप्टेंबर

प्रिय इंगा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत घातलं नसशील, असं धरून लिहितो. घातलं असशील, तर पुढचा मजकूर धुराला उद्देशून आहे. धूर निदान मधे बोलत नाही.

आधी तुझ्या बापाची प्रकृती सांगून टाकतो, म्हणजे तू ओळी गाळत खाली जाणार नाहीस. तो खडखडीत आहे. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. उजवा गुडघा नवीन बसवला आहे आणि तो कुरकुरतो. 'अंगातला हा एकच भाग माझ्या ओळखीच्या यंत्रावर झालेला नाही' असं त्याचं निदान आहे. दारावरची पाटी वसंतात पुन्हा रंगवली. 'टॉलेफसन आणि कन्या' असंच आहे. रंगाऱ्याने विचारलं, "कन्या ठेवायची?" तर तुझा बाप म्हणाला, "अक्षरं मोजून पैसे घेतोस का?" एवढ्यावर तो विषय संपला.

अकरा वर्षांनी तुझी आठवण आली, असं लिहिलं तर खोटं होईल. आठवण येतच होती. पत्र आता आलं.

निमित्त असं, की त्याने नवीन रिव्हॉल्व्हर घडवलं आहे. आपली आजवरची सगळी सहा घरांची. हे पाच घरांचं. गोळी अर्ध्या इंचाची, त्यामुळे चक्रीत सहावं घर पाडायला पोलादच उरत नाही. साडेसहा इंची नळी, हातात धरलं की लहान बाळ धरल्यासारखं वजन, आणि मूठ जुन्या घाटाची, नांगराच्या रुमण्यासारखी. दर फैरीला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, मगच चाप. एल्क हरणांच्या मागावर अस्वलांच्या रानात शिरणाऱ्याने कमरेला लावावं आणि वापरायची वेळ येऊ नये म्हणून प्रार्थना करावी, अशा जातीचं हत्यार.

परीक्षक अजून मीच. विद्यापीठाने संस्कृतचा विभाग बंद केला तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, "प्रोफेसर, इतकी वर्षं वाक्यांतल्या चुका काढून पोट भरलंस, आता रिव्हॉल्व्हरातल्या काढ." तेरा वर्षं काढतो आहे. चाचणीवहीत परीक्षकाची सही झाल्याशिवाय इथून एकही हत्यार बाहेर जात नाही, हा नियम तू केलास. तू गेलीस, नियम राहिला.

पहिल्या फैरीबद्दल. धक्का बसतो, हे वर्णन अपुरं आहे. मूठ तळहातातून वर सरकते, नळी आभाळाकडे बघते आणि माणूस क्षणभर आस्तिक होतो. चापाच्या कड्याने मधल्या बोटाच्या पेराचा चावा घेतला; आता हातमोजा घालतो. पण पन्नास यार्डांवर, टेकू देऊन, पाच गोळ्या एका बशीत मावल्या.

"कुठली बशी?" तुझ्या बापाने विचारलं. "कपाची की सूपची?"

"कपाची."

त्याने टोपी नीट केली. इतका जल्लोष मी त्याच्याकडून क्वचितच पाहिला आहे.

पहिलं हत्यार लायल मॅकब्राइडने सांगून ठेवलं आहे. तोच, शिकाऱ्यांना डोंगरात नेणारा, ज्याच्या खेचराने तुझ्या पदवीची टोपी खाल्ली होती. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी उघडतो, त्याच्या आत त्याला ते हवं आहे.

मी अजून सही केलेली नाही. पेनातली शाई संपली आहे.

तुझा (ही षष्ठी मान्य नसेल तर खोडून टाक),
पद्माकर


१८ सप्टेंबर

प्रिय इंगा,

पोस्टकार्ड मिळालं. पुढच्या बाजूचा मूस फार देखणा आहे. शिंगं भारदस्त, डोळ्यांत वैराग्य. आमच्या विभागप्रमुखांची आठवण झाली. मागच्या बाजूला तू तीन शब्द लिहिले आहेस: 'पट्टी आहे का?' अकरा वर्षांनंतरच्या पहिल्या पत्राला इतकं संक्षिप्त उत्तर देणारी व्यक्ती आमच्याकडे सूत्रकार म्हणून पूजली गेली असती.

तर चाचणीची प्रगती. एकशे वीस फैरी झाल्या. ऐंशीव्या फैरीला रिकामी टरफलं ढकलायच्या दांडीचा स्क्रू उडाला आणि शेजारच्या डॉट आजींच्या सूर्यफुलांत जाऊन पडला. आजी तो हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एल्डन, तुझं काही सांडलंय." तुझ्या बापाने तिथे आता जाड स्क्रू घातला आहे, त्यानंतर काहीही सांडलेलं नाही. पुढच्या नेमाची खूण उन्हात चमकत होती, ती काळी केली. बाकी चक्रीचं कुलूप घट्ट, नळीशी फट केसाएवढी, आणि चाप असा स्वच्छ सुटतो, की गोळी आपण सोडली की तिने आपल्याला सोडलं, हे समजत नाही. हे सगळं मी शिकारीच्या मासिकाच्या लेखातही लिहिणार आहे, म्हणजे यात मैत्रीची भेसळ नाही.

शनिवारचे पॅनकेक्स चालू आहेत. परवा लायलही होता. तो हकलबेरीचा जॅम चमच्याने नाही, बरणीने वाढून घेतो.

"काय रे म्हाताऱ्या," तो तुझ्या बापाला म्हणाला, "माझं हत्यार ख्रिसमसपर्यंत तरी देशील ना? अस्वलं झोपून गेल्यावर मी ते काय लोणी कापायला वापरू?"

"प्रोफेसर सही करेल तेव्हा मिळेल."

"प्रोफेसर, कर की सही."

"शाई नाही," मी म्हटलं.

"माझं पेन घे."

"निळी चालत नाही."

तुझ्या बापाने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि मग तवा उलटला.

इथे पाऊस बरा आहे. माझा ट्रक गळतो. छताला गंजून एक भोक पडलं आहे, फार मोठं नाही, अर्ध्या इंचाचं, बरोब्बर चालकाच्या डोक्याच्या बाजूला. कॉफीचा डबा बांधून ठेवला आहे. तुझा बाप काल त्या भोकाखाली उभा राहिला, बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "गंज फारच गोल आहे." मी म्हटलं, "माँटानाचा गंज." त्याने बोट पँटला पुसलं आणि आत गेला. 

पद्माकर

ता. क. पट्टी नाही.


३० सप्टेंबर

प्रिय इंगा,

दुसरं पोस्टकार्ड मिळालं. मूस तोच. गठ्ठ्याने घेतलेस काय? मजकूर: 'मग छत कशाने गळतं?'

तू विमानांचे भाग तपासतेस हे मी विसरलो होतो.

ठीक आहे. तुला यातलं सगळं माहीत आहे, पण कबुली अर्धवट देऊ नये म्हणून मुळापासून लिहितो.

आपल्या हत्यारांत घोड्याचं टोक सरळ काडतुसावर टेकतं. घोड्याला बाहेरून दणका बसला तर बार उडतो. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. त्याचा मंत्र इथल्या प्रत्येकाच्या बोटांना पाठ आहे: एक भर, एक सोड, चार भर, मग घोडा पूर्ण ओढायचा आणि अंगठ्याने हळूच खाली टेकवायचा. सहा घरांत एवढं केलं की रिकामं घर आपणहून घोड्याखाली येतं, बघावंसुद्धा लागत नाही. पाच घरांत मात्र 'तीन भर' म्हणायला हवं. हे तुझ्या बापाने नजरेआड केलेलं नाही. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं आहे. पत्रक मी लिहिलं. मुद्रितं तीन वेळा मीच तपासली.

आणि तीन सप्टेंबरला दुपारी, ओढ्याकाठच्या चांदमारीवरून निघताना, मी हत्यार भरलं. डोक्यात मासिकाच्या लेखाचं पहिलं वाक्य घोळत होतं. एक भर, एक सोड, एक, दोन, तीन... चौथं आत जाईना. तिथे आधीच काडतूस होतं. मी स्वतःशी हसलो, 'पाचच घरं नाही का,' म्हटलं, चौथं खिशात टाकलं, झडप लावली, घोडा ओढला, टेकवला. चौथ्यासाठी चक्री एक घर जास्त फिरवली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. रिकामं घर पुढे निघून गेलं होतं. घोडा भरलेल्यावर बसला.

हत्यार ट्रकच्या आसनावर ठेवलं. पलीकडून येऊन दार उघडलं, तसं हत्यार घसरलं आणि घोड्यावर आपटलं, दाराखालच्या पायरीवर, नळी वर. माझ्या कानापासून वीतभर अंतराने ती गोळी गेली आणि छतातून बाहेर पडली. मग फार शांत झालं. ओढ्यावरचा एक बगळासुद्धा उडाला नाही. त्याने माझ्याकडे फक्त बघितलं.

तुझी पट्टी असती तर काही झालं नसतं. घोड्याचा दणका त्या पट्टीशिवाय काडतुसापर्यंत पोचत नाही, आणि चाप ओढल्याशिवाय पट्टी वर येत नाही. तू हे अकरा वर्षांपूर्वी याच बाकाशी उभी राहून सांगत होतीस. तुझा बाप म्हणत होता, की पट्टीने चाप वाळू चावल्यासारखा लागतो, आणि ज्याला पाचपर्यंत मोजता येत नाही त्याने गलोल वापरावी. तू म्हणालीस, "हात मोजत नाहीत बाबा. हातांना फक्त आठवतं." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "प्रोफेसर, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, पूर्वपक्षातही बळ आहे आणि उत्तरपक्षातही.

तू माझ्याकडे जे बघितलंस, त्यासमोर तो बगळा दयाळू होता. मी वहीत सही केली. तू एप्रन खिळ्याला लावलास आणि निघालीस, आणि मी दारात नुसता उभा राहिलो.

माझं खरं मत एका वाक्याचं होतं: तुझं बरोबर आहे. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण विभाग जाऊन दोनच वर्षं झाली होती, या बाकाशिवाय मला बसायला जागा नव्हती, आणि शनिवारी सकाळी कुणीतरी माझी वाट बघतं याची मला सवय लागली होती. माणूस सत्याच्या बदल्यात राज्य घेतो असं आपण वाचतो. मी पॅनकेक्स घेतले.

पहिलं पत्र तुला सहा तारखेला लिहिलं. म्हणजे तीन दिवसांनी. ते आता का आलं, ते कळलं असेल.

हंगाम उघडायला चार आठवडेही नाहीत. सही केली तर हे हत्यार लायलच्या कमरेला लागेल. लायलचे हात गेली चाळीस वर्षं चार भरत आले आहेत. तेव्हा तुझ्या बापाला सांगावं लागणार. पण नुसतं सांगितलं तर तो म्हणेल, प्रोफेसरला मोजता येत नाही, आणि ते खरं असल्यामुळे वाद तिथेच संपेल. वेगळा मार्ग काढतो.

पद्माकर


१२ ऑक्टोबर

प्रिय इंगा,

काढला. त्यात थोडी लबाडी आहे, तरी वाच.

शनिवारी लायलला मुद्दाम बोलावलं. पॅनकेक्सची पहिली फेरी झाल्यावर मी हत्यार टेबलावर ठेवलं आणि शेजारी पाच काडतुसं. सरावाची, आत दारू नसलेली.

"एल्डन," मी म्हटलं, "लायलला एकदा भरून दाखव. पाच घरांचं त्याने कधी हातात धरलेलं नाही."

"पत्रक वाच म्हणावं."

"मी पत्रकं वाचत नाही," लायल म्हणाला. "माझं लग्नाचं सर्टिफिकेटसुद्धा बायकोने वाचून दाखवलं. तेही उशिरा."

तुझ्या बापाने चक्रीची झडप उघडली. त्याच क्षणी मी विचारलं, "ती मोठी ट्राउट तुझ्या हातून कुठे सुटली रे? पुलाखाली की वरच्या डोहात?"

ही लबाडी. त्या ट्राउटबद्दल विचारल्यावर तो उत्तर देणार नाही, असं आजवर झालेलं नाही.

"पुलाखाली कसली? डोहात!" तो म्हणाला. एक भरलं. "पुलाखाली लायलचा बाप मासे धरायचा, म्हणजे झोपायचा." एक सोडलं. "मी गुडघाभर पाण्यात, ही एवढी," एक, "ओढत नेते आहे मला," दोन, "आणि दोर सगळा बाहेर," तीन, "आणि मी म्हटलं आता जर ही खाली दगडात शिरली..."

पाचवं काडतूस आत जाईना. त्याने ते न बघता शर्टाच्या खिशात टाकलं, झडप लावली, घोडा ओढला आणि अंगठ्याने टेकवला. इतका अलगद, की मला क्षणभर वाईट वाटलं.

"...आणि शिरली," असं म्हणून त्याने हत्यार लायलसमोर सरकवलं. "हे असं. घोड्याखाली रिकामं."

"खिडकीकडे धर," मी लायलला म्हटलं. "बाजूने बघ."

लायलने धरलं. चक्रीमागच्या फटीतून काडतुसाची कड दिसते, तुला माहीत आहे. तो बराच वेळ बघत राहिला.

"एल्डन, भरलेलं आहे."

"नाही."

"मला मोजता येत नसेल, पण दिसतं."

तुझ्या बापाने हत्यार घेतलं. बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं. मग खिशातलं ते काडतूस काढून टेबलावर उभं केलं आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे खेचरावरून घसरलो असतो," लायल म्हणाला, "तर आधी मी मेलो असतो, मग खेचर. खेचराचं वाईट वाटलं असतं." पण ते त्याने हळू आवाजात म्हटलं, आणि हसला नाही.

तुझा बाप माझ्याकडे वळला. "तुझ्या ट्रकचं छत."

"हो."

"किती लांबून?"

"वीतभर."

"कुठला कान?"

"डावा. अजून शिटी वाजते."

"आणि मला गंज सांगितलास."

"तूही विचारलं नाहीस."

 तो एकदम भडकला. "मला फसवलंस तू! मधेच ट्राउट काढलीस!"

"जंगलात ट्राउट नसेल, दुसरं काहीतरी असेल. थंडी असेल. खेचर अडून बसलं असेल. कुणीतरी बायकोचं सांगत असेल. डोकं जागेवर असलेल्या माणसासाठी पत्रक आहेच, एल्डन. पट्टी बाकीच्यांसाठी हवी, आणि बाकीच्यांत आपण तिघंही आहोत. मी सही करणार नाही. इंगाचं बरोबर होतं. तेव्हाही होतं, आणि तेव्हाही मला ते माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"हे पॅनकेक्स बंद होतील म्हणून."

त्याने तव्याकडे बघितलं. "इतके काही चांगले नसतात," तो म्हणाला, आणि उठून कारखान्यात गेला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

लायलने मला विचारलं, "म्हणजे माझं हत्यार नाही?"

"यंदा नाही."

"बरं." त्याने ताट पुढे ओढलं. "मग त्याच्या वाटणीचे तरी मी खातो."

पद्माकर


२७ ऑक्टोबर

प्रिय इंगा,

मौनव्रत नऊ दिवस चाललं. त्या काळात तुझा बाप माझ्याशी फक्त मानेने बोलला: खाली म्हणजे कॉफी हवी, वर म्हणजे नको. शनिवारी पॅनकेक्स झाले. माझ्या ताटात नेहमीइतकेच पडले, पण जॅमची बरणी मला मागावी लागली. मी ते प्रायश्चित्त समजून भोगलं.

दहाव्या दिवशी मिलिंगचं यंत्र चालू झाल्याचा आवाज आला. मी आत गेलो नाही. संध्याकाळी त्याच्या केसांत पोलादाचा भुसा होता आणि तो नेहमीपेक्षा जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात पट्टी दिसली, तुटलेली. त्यापुढे दोन दिवसांनी दुसरी, वाकलेली. तिसरी डब्यात गेली नाही. तिसरी त्याने हत्यारात बसवली आणि माझ्या हातात दिलं.

"घोड्यावर मार," म्हणाला.

मी लाकडी हातोड्याने मारलं. दहा वेळा. सरावाच्या काडतुसावर ओरखडासुद्धा नाही.

"आता चाप ओढ."

ओढला. आणि इंगा, मला नाइलाजाने लिहावं लागतं, की तुझ्या बापाचंही बरोबर होतं. वाळू चावल्यासारखं लागतं. तो स्वच्छ चाप गेला.

"पाहिलंस?" तो म्हणाला. पण जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. "तिने त्या वेळी केली होती ती घासत नव्हती."

"कुठली?"

"तिने केली होती एक. माझ्या जुन्या हत्यारात बसवून दाखवली होती. मी चाप ओढून बघितला होता."

"घासत नव्हता?"

"नाही."

"आणि तू काय म्हणालास तिला?"

"घासतो म्हणालो."

मी सावकाश बाकावर बसलो. एकाच छताखाली इतकी वर्षं दोन खोटारडे एकमेकांना पॅनकेक्स वाढत होते.

"तिला लिही," तो म्हणाला. "विचार पोलाद कुठे काढायचं म्हणून. तू लिहितोसच तिला. पोस्टमनने सांगितलं."

"तूच विचार."

"माझं अक्षर वाईट आहे."

"तिला माहीत आहे."

"तू प्रोफेसर आहेस. नीट मांडशील."

"मी मांडलं की दोन्ही बाजूंना बळ येतं, एल्डन. तूच लिही."

त्यानंतर तीन दिवस हा कागद त्याच्या बाकावर होता. त्याच्यावर कॉफीचे दोन गोल आहेत, ते त्याचे. खालची ओळ त्याची. मी त्यात एक अक्षरही सुधारलेलं नाही. सोबत तिसरी पट्टी पाठवतो आहे, मोज्यात गुंडाळून. मोजा धुतलेला आहे, असं तो म्हणतो.

लायल आपली जुनी रायफल घेऊनच डोंगरात गेला आणि दुसऱ्याच दिवशी एल्क घेऊन आला. 'पाच घरांचं नव्हतं म्हणून नेम लागला' असं तो गावभर सांगतो आहे.

पद्माकर

*इंगा तुझी पट्टी घासत नव्हती. मी खोटं बोललो. माझी तिसरी घासते, मधे काढू की टोकाला? बाबा*


८ नोव्हेंबर

प्रिय इंगा,

मंगळवारच्या फोनची तुझ्या टोकाची बाजू तुला ठाऊक आहे. या टोकाची मी सांगतो, कारण तो सांगणार नाही, आणि तुझा काही गैरसमज झाला असेल तर तो निघावा. तुला चाळीस मिनिटांत एवढंच ऐकू आलं असेल: "हॅलो." "हं." "हं." "साडेतीन पौंड." "हं." "खालून?" "बरं." तुझ्या जागी मी असतो तर म्हातारा अजून रागात आहे असं समजून फोन ठेवला असता.

तर इकडे काय झालं ते असं. फोन मी घेतला. तू "प्रोफेसर, त्यांना द्या," म्हणालीस, मी रिसीव्हर पुढे केला आणि म्हटलं, "इंगा." तो स्टुलावर बसून लेथ पुसत होता. उठून उभा राहिला. आणि चाळीस मिनिटं उभाच होता, त्या नव्या गुडघ्यावर. मी स्टूल पायाशी सरकवलं, तर त्याने ते पायानेच परत लोटलं. मधे केव्हातरी टोपी काढून काखेत धरली.

तू विचारलंस की चाप किती वजनाला सुटतो. उत्तर देण्याआधी त्याने माझ्याकडे वळून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "बरोबर विचारलं." तो पहिला मोठा "हं" आठवतो का? त्या वेळी तू बहुधा सांगत होतीस, की घासतंय ते मधेही नाही, टोकालाही नाही, पट्टीच्या खालच्या कडेला, आणि त्याने तीन वेळा चुकीच्या जागी काढलं. तो "हं" म्हणजे राग नव्हता. तो म्हणत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी यापूर्वी एकदाच पाहिलं आहे, आणि तेव्हा समोर कपाची बशी होती.

मग तू आकडे सांगायला लागलीस. हाताशी कागद नव्हता. म्हणजे कागद होता, चाचणीवही समोरच होती, मी ती पुढे केली. तो मानेने नको म्हणाला. बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहिलं. तळहात भरला तेव्हा मनगटावर. शेवटचा आकडा बाहीखाली गेला.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "बदलली आहे ती."

"म्हणजे?"

"आता समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबते."

"पूर्वी तू संपवत नव्हतास."

त्याने विचार केला. "असेल," म्हणाला.

चौथी पट्टी आज बसते आहे. तिला इतके दिवस लागले, कारण प्रत्येक काप घेण्याआधी तो हात उघडून बघतो, मग यंत्र बंद करून पुन्हा बघतो. मी म्हटलं, आकडे वहीत उतरवून घे आणि हात धू. तर मला म्हणाला, "उतरवताना चुकतात. तुला माहीत आहे." त्यामुळे मंगळवारपासून त्या हाताला पाणी लागलेलं नाही. आज सकाळी पिठात अंडी एका हाताने फोडली. टरफलं मी काढली, जमतील तेवढी. लायलला एक सापडलं, त्याने ते चावून बघितलं आणि म्हणाला, "यंदा कुरकुरीत झालेत."

तू येणार की नाही, ते मी विचारत नाही. त्यानेही विचारलं नाही. फक्त मघाशी मला म्हणाला, की फेअरबँक्सहून इथपर्यंतचा रस्ता डिसेंबरात कसा असतो कोण जाणे. म्हणाला आणि लगेच नळाकडे बघायला लागला, जणू नळानेच विचारलं होतं.

भांडी मी घासतो आहे, मधेमधे हात पुसून हे लिहितो आहे. तुझा बाप शेजारी खुर्चीवर बसला आहे, डावा हात कोर्टात शपथ घेणाऱ्यासारखा वर धरून, आणि मला सांगतो आहे, की तव्याला साबण लावशील तर याद राख.

पद्माकर